वाचकांचे प्रश्न : आपला गूळ आणि मलेशियातील ‘गुला’

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त क्वालालंपूरला असते. तेथील दुकानांत साखरेच्या पुड्यावर ‘गुला’ असे लिहिलेले असते आणि ‘गुला मेलाका’ या नावाने बांबूच्या पेरासारख्या, गडद तपकिरी रंगाच्या कांड्या मिळतात, असे तिने कळवले आहे. आमच्या घराण्याची शाहूपुरीत अनेक वर्षे गुळाची अडत होती, त्यामुळे हे ऐकून कुतूहल वाटले. हा शब्द आपलाच आहे की केवळ योगायोग? आपला असेल, तर पांढऱ्या साखरेला गुळाचे नाव कसे मिळाले? आमच्याकडे येणारे गुजराती व्यापारी गुळाला ‘गोळ’ म्हणत असत. तो ‘गोळ’ आणि आपला ‘गोळा’ यांचा काही संबंध आहे काय?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : शब्द आपलाच आहे, आणि आपला शेवटचा प्रश्न आधी घेतला, तर बाकीच्या दोन्हींचा उलगडा सोपा होतो.

संस्कृतात मूळ शब्द ‘गुड’ असा आहे. अमरकोशात त्याचे दोन अर्थ दिले आहेत, एक गोळा आणि दुसरा उसाचा आटवलेला पाक. हे दोन अर्थ एकाच शब्दाला का चिकटले, हे कोल्हापूरच्या माणसाला कोश न उघडताही कळेल. गुऱ्हाळावर काहिलीतला रस उकळू लागला, रानभेंडीच्या चिकाने मळी वर आणून ती काढून टाकली, आणि पाक घट्ट होत चालला, की गुळव्या त्यातला थोडासा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी चाचपतो. त्याची गोळी बसली, म्हणजे काहील उतरवायची वेळ झाली. ती बसण्याआधीच उतरवली, तर हाती काकवी येते. फार उशीर केला, तर गूळ करपतो. चुलवाणात चिपाड सारणाऱ्या माणसाचे लक्षही त्या क्षणी गुळव्याच्या बोटांकडेच असते. उसाच्या रसाला गोळ्याचे रूप येणे हीच गूळ झाल्याची खूण आहे, आणि नावही त्या रूपावरूनच पडलेले आहे. पाली भाषेत ‘गुळ’ या एकाच शब्दाने खेळायचा गोळा आणि खायचा गूळ असे दोन्ही दाखवले जातात. गुजरातीतही ‘गोळ’ म्हणजे गूळ आणि ‘गोळ’ म्हणजे वाटोळा. लिहिण्यातही फरक नाही. तेव्हा आपल्या अडतीवर येणाऱ्या व्यापाऱ्यांचा ‘गोळ’, आपला ‘गूळ’, ‘गोळा’ आणि औषधाची ‘गोळी’ ही सारी एकाच गोतावळ्यातली मंडळी आहेत.

संस्कृत ‘गुड’ मधल्या ‘ड’चा मराठीत ‘ळ’ झाला, तसा तो इतरही अनेक शब्दांत झालेला आहे. षोडशचे सोळा झाले, तडागाचे तळे झाले, दाडिमाचे डाळिंब झाले. ही सवय फार जुनी आहे. ऋग्वेदाचा आरंभच ‘अग्निमीळे पुरोहितं’ असा होतो, आणि तेथे ‘ईडे’ या क्रियापदातला दोन स्वरांमधला ‘ड’ ऋग्वेदाच्या पठणपरंपरेत ‘ळ’ म्हणून उच्चारला जातो. हिंदी, पंजाबी आणि बंगालीने त्या जागी जिभेला झटका देऊन म्हटला जाणारा ‘ड़’ ठेवला आणि ‘गुड़’ म्हटले; मराठी आणि गुजरातीने ‘ळ’ची वाट धरली. मलाय भाषेत ‘ळ’ही नाही आणि तसा ‘ड़’ही नाही. त्यामुळे समुद्रापलीकडे गेल्यावर तो शब्द ‘गुला’ झाला, यात नवल काही नाही.

हा शब्द तिकडे एकटाच गेलेला नाही. मलायमध्ये कापसाला ‘कापास’ म्हणतात, किमतीला ‘हार्गा’ म्हणतात, जो आपल्या ‘अर्घ’ म्हणजे मोल या शब्दावरून आला, आणि डोक्याला ‘केपाला’ म्हणतात, जो ‘कपाल’ म्हणजे कवटी या शब्दावरून आला. सुमात्रा बेटावर पालेम्बांगजवळ सापडलेले सातव्या शतकातले शिलालेख जुन्या मलाय भाषेत आहेत, आणि त्यांतही संस्कृत शब्दांची दाटी आहे. भारतातून व्यापारी, भिक्षू आणि कारागीर ज्या शतकांत त्या बेटांवर जात-येत होते, त्या काळाची ही देणगी आहे. कापूस, किंमत आणि गूळ हे तीन शब्द शेजारी ठेवले, तर त्या जहाजांवर कसला माल आणि कसली बोलणी होत असतील, याचा अंदाज येतो.

या प्रवासात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. ज्या उसापासून आपण गूळ करतो, तो जाड, रसाळ ऊस मुळात भारतातला नाही. हजारो वर्षांपूर्वी न्यू गिनी बेटावरच्या लोकांनी तो लागवडीखाली आणला आणि तेथून तो बेटाबेटांवरून पश्चिमेकडे सरकत भारताच्या किनाऱ्याला लागला. मलाय लोकांकडे उसाला स्वतःचा शब्द आहे, तो म्हणजे ‘तेबू’; फिलिपिन्समध्ये त्याचाच भाऊ ‘तुबो’ आहे. गोड या चवीलाही त्यांचा स्वतःचा शब्द आहे, ‘मानिस’. वनस्पती त्यांची, चवीचे नाव त्यांचे, पण रस आटवून केलेल्या घट्ट पदार्थाचे नाव आपले. ऊस पूर्वेकडून आपल्याकडे आला आणि तो आटवून झालेल्या पदार्थाचे नाव त्याच समुद्रावरून उलट पूर्वेकडे गेले. रस आटवण्याची कला त्यांना कोणी दाखवली असावी, याची एक खूण ‘गुला’ या शब्दात दिसते, एवढेच म्हणता येईल.

भारतात ही कला किती मुरलेली होती, याचे पुरावे जुन्या ग्रंथांत ठायी ठायी आहेत. पाणिनीने अष्टाध्यायीत ‘गुडादिभ्यष्ठञ्’ असे एक स्वतंत्र सूत्र घातले आहे. एखाद्या गोष्टीसाठी चांगला, या अर्थी ‘गुड’ वगैरे शब्दांना कोणता प्रत्यय लागतो, ते त्यात सांगितले आहे, आणि काशिका या टीकेत त्याचे उदाहरण ‘गौडिक इक्षु’ असे दिले आहे. गौडिक इक्षु म्हणजे गुळासाठी उत्तम असा ऊस. करवीर तालुक्यातला शेतकरी आजही कोणता ऊस गुळाला चांगला आणि कोणता कारखान्याला घालायचा याचा हिशोब करतो. त्या हिशोबासाठी संस्कृत व्याकरणाने एक शब्द राखून ठेवला होता, याचा मला फार आनंद वाटतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या अध्यक्षाने कोणकोणते गोड जिन्नस ठेवावेत त्याची यादी आहे, ती अशी : फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा. फाणित म्हणजे आपल्या काकवीसारखा पातळ पाक, गुड म्हणजे गूळ, मत्स्यण्डिका म्हणजे जाड रवाळ साखर, खण्ड म्हणजे खांड आणि शर्करा म्हणजे त्याहून स्वच्छ दाणेदार साखर. आयुर्वेदाच्या ग्रंथांतही हाच चढता क्रम येतो. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत मळी कमी होत जाते आणि पदार्थ अधिक उजळ होत जातो.

या पाच शब्दांपैकी मत्स्यण्डिका घरातच राहिली. बाकीचे चार शब्द घराबाहेर पडले, आणि ज्याला जी भाषा भेटली, तेथे तो मुरला. फाणित सिंहलीत ‘पॅणी’ झाले. आज श्रीलंकेत ‘कितुल पॅणी’ म्हणजे कितुल नावाच्या माडाच्या नीरेचा पातळ पाक. आपल्या राधानगरी-आंबा घाटाच्या जंगलात जो भेरली माड दिसतो, तोच हा कितुल. खण्ड फारसीत ‘कंद’ झाला; त्याच्याविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे. शर्करेची कथा सर्वांत लांबची आहे आणि ती तिसऱ्या उत्तरात थोडी येईल. गुड मलायमध्ये गेला.

आता आपला दुसरा प्रश्न. साखरेला गुळाचे नाव कसे मिळाले? मुळात ते साखरेला मिळालेलेच नव्हते. हा शब्द त्या बेटांवर पोहोचला, तेव्हा पांढरी दाणेदार साखर तेथे रोजच्या वापरात नव्हती. त्यांच्याकडे ताड, नारळ आणि अरेन नावाचा माड होता, त्यांची नीरा होती, आणि ती आटवून केलेला तपकिरी गूळ होता. त्यालाच ते ‘गुला’ म्हणू लागले. आपल्या कन्येने पाहिलेला ‘गुला मेलाका’ हा त्याचाच वारस आहे. तो बांबूच्या नळ्यांत ओतून गोठवतात, म्हणून त्याला कांडीचा आकार येतो. इंडोनेशियात त्यालाच ‘गुला जावा’ म्हणजे जावाचा गूळ म्हणतात, आणि तेथे तो नारळाच्या करवंटीतही घालतात, त्यामुळे अर्धगोल वडी मिळते. पुढे कारखान्याची पांढरी साखर आली, तेव्हा तिच्यासाठी नवा शब्द न शोधता त्याच शब्दाला विशेषण जोडले गेले आणि ‘गुला पासिर’ असा शब्द झाला. पासिर म्हणजे वाळू. वाळूसारखा गूळ तो गुला पासिर. काळाच्या ओघात ही वाळूसारखी गुला घरोघर झाली, आणि नुसते ‘गुला’ म्हटले, की तीच समजली जाऊ लागली. जुन्या गुळाला मात्र आता मेलाका, जावा, अरेन किंवा ‘मेरा’ म्हणजे तांबडा असे विशेषण लावल्याखेरीज ओळख राहिली नाही. धाकटी सून घरात आली आणि तिलाच सारे ‘वहिनी’ म्हणू लागले, की थोरलीला ‘मोठ्या वहिनी’ म्हणावे लागते, तसे हे झाले. खडीसाखरेला ते ‘गुला बातू’ म्हणजे दगडी गुला म्हणतात, आणि मलायमध्ये मुलांच्या गोळ्या-चॉकलेटला शब्द दोनदा उच्चारून ‘गुला-गुला’ म्हणतात.

गूळ उसाचाच असतो, ही आपल्या भागातली समजूतही यानिमित्ताने तपासून पाहावी. बंगालमध्ये हिवाळ्यात खजुरीच्या रसाचा ‘गुड़’ करतात आणि त्याच्या पहिल्या हंगामी गुळाला ‘नोलेन गुड़’ म्हणून मान असतो. गोव्यात ‘माडाचें गोड’ मिळते. कोकणी भाषेत ‘गोड’ हे गुळाचे नावच आहे. आपण जे विशेषण म्हणून वापरतो, ते तेथे वाण्याच्या दुकानात वजन करून मागता येते. म्हणजे गोव्याच्या माडाच्या गोडापासून मेलाकाच्या गुलेपर्यंत पदार्थ जवळजवळ तोच राहिला आहे. उसाच्या गुळाचा आग्रह धरणारे आपण घाटावरचे लोकच या किनाऱ्याच्या रांगेत निराळे ठरतो.

मलाय आणि इंडोनेशियन लोकांत ‘आदा गुला, आदा समुत’ अशी एक म्हण आहे. समुत म्हणजे मुंगी. गुला असेल, तेथे मुंग्या असणारच. आपल्याकडे गुळाला मुंगळे चिकटतात, असे आपण म्हणतोच. ही म्हण शब्दाबरोबर गेली, असा दावा मी करणार नाही, कारण गोडाला मुंग्या लागतात, हे कळायला कोणाला परदेशी गुरू लागत नाही. पण आपल्या कन्येने एखाद्या मलाय सहकाऱ्याला ही मराठी म्हण सांगितली, तर गूळ या शब्दासकट ती त्याला लगेच उमगेल.

आणखी एक गोष्ट गुजराती ‘गोळ’वरून सांगावीशी वाटते. गुजराती कुटुंबांत लग्न ठरले, की ‘गोळधाणा’ होतो, म्हणजे गूळ आणि धणे वाटतात. आपण त्याच प्रसंगाला साखरपुडा म्हणतो. आजकाल कोल्हापुरातही साखरपुड्याला पेढेच वाटले जातात, पण नावापुरती तरी साखर टिकून आहे. शाहू छत्रपतींनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि तिने गुळाच्या व्यापाराला घर दिले. अलीकडे कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. अशा गावात साखरपुड्याच्या ताटात गुळाचा एक खडा ठेवायला हरकत नसावी, असे माझे प्रामाणिक मत आहे.

प्रश्न : ‘गुलकंद’ या शब्दात गूळ आहे का? आमच्या घरी गुलाबाच्या पाकळ्या आणि खडीसाखर उन्हात ठेवून गुलकंद करतात, त्यात गूळ कोठेच घालत नाहीत. मग नाव असे का? आणि ‘गुळवेल’ इतकी कडू असताना तिच्या नावात गूळ कसा?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : गुलकंदातला ‘गुल’ फारसी आहे, आणि त्याचा अर्थ फूल, विशेषतः गुलाबाचे फूल, असा आहे. तुर्कीतही गुलाबाला ‘ग्युल’ म्हणतात. आपला ‘गुलाब’ हा शब्द मुळात फुलाचे नाव नव्हता. गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी, म्हणून गुलाब म्हणजे फुलाचे पाणी, ज्याला आता आपण गुलाबपाणी म्हणतो. मराठीत पाण्याचे नाव फुलाला मिळाले आणि पाण्यासाठी पुन्हा ‘पाणी’ जोडावे लागले. दिवा ‘गुल’ होतो, त्यातला गुलही फारसीच आहे. दिव्याच्या जळालेल्या वातीच्या टोकाला फारसीत गुल म्हणतात. ‘ल’ आणि ‘ळ’ यांच्यातला फरक न पाळणाऱ्या भाषेत हे दोन शब्द सहज एकमेकांत मिसळले असते. मराठीने ‘ळ’ जपला, म्हणून आपल्याला गूळ आणि गुल वेगळे ऐकू येतात.

गुलकंदाचा उत्तरार्ध मात्र आपल्या घरचा आहे. फारसी ‘कंद’ म्हणजे साखर, आणि तो संस्कृत ‘खण्ड’ याच शब्दाचे रूप आहे, ज्याला आपण खांड म्हणतो. सुरणासारख्या जमिनीतल्या कंदाशी त्याचा काही संबंध नाही. इराणात आजही साखरेच्या ढेकळाला किंवा चौकोनी वडीला ‘कंद’ आणि दाणेदार साखरेला ‘शकर’ म्हणतात. तेथे अनेकजण कंदाचा तुकडा दातांत धरून त्यावरून बिनसाखरेचा चहा पितात. अर्थशास्त्राच्या यादीतले खण्ड आणि शर्करा हे दोन शेजारी शब्द इराणच्या चहाच्या बैठकीत अजून शेजारी शेजारीच आहेत, आणि त्यांच्यातला ढेकूळ व दाणा हा फरकही बराचसा टिकून आहे. मधुमेहालाही फारसीत ‘कंदाचा आजार’ म्हणतात, जसे आपल्याकडे ‘शुगर झाली’ म्हणतात. अरबांच्या मार्गे हाच कंद युरोपात गेला आणि तेथून ‘कँडी’ होऊन आपल्या शाळेसमोरच्या दुकानात परत आला. गुलकंद हा शब्द म्हणजे इराणचे फूल आणि भारताची खांड यांचे मिश्रण आहे, आणि बरणीतही तेच असते.

गुळवेलीचे संस्कृत नाव गुडूची. त्यातल्या ‘ड’चा नेहमीप्रमाणे ‘ळ’ झाला, आणि उरलेल्या भागाच्या जागी ओळखीचा ‘वेल’ हा शब्द बसला. चवीचा येथे काही हात नाही. हिंदीत तिलाच ‘गिलोय’ म्हणतात आणि तेथे गुळाचा भास होत नाही.

प्रश्न : मी गडहिंग्लजचा. आमच्या भागात अर्धी माणसे मराठी आणि अर्धी कन्नड बोलतात. कन्नडमध्ये गुळाला ‘बेल्ल’ म्हणतात, त्यात गूळ कोठेच ऐकू येत नाही. माझ्यासोबत काम करणारा केरळचा सहकारी गुळाला ‘शर्करा’ म्हणतो. मी त्याच्याकडून शर्करा मागवली आणि मला साखरेऐवजी गूळ आला. यात चूक कोणाची?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : चूक दोघांचीही नाही, शब्द एक आणि पदार्थ दोन, असा हा प्रकार आहे.

कन्नड ‘बेल्ल’, तेलुगू ‘बेल्लम’ आणि तमिळ ‘वेल्लम’ हे द्राविडी भाषांचे स्वतःचे शब्द आहेत आणि संस्कृत गुडाशी त्यांचे नाते नाही. मराठी वाचकाने येथे एक काळजी घ्यावी. तमिळमध्ये ‘वेल्लम’ म्हणजे गूळ, पण ‘वेळ्ळम’ म्हणजे पूर. आणि मल्याळममध्ये ‘वेळ्ळम’ म्हणजे साधे पिण्याचे पाणी. ‘ल’ आणि ‘ळ’ यांत गल्लत करणाऱ्या पाहुण्याला चेन्नईत गूळ मागताना पूर मागितल्याचा अनुभव येऊ शकतो. आपल्याला ‘ळ’ची सवय असल्याने ही अडचण पडू नये.

केरळी सहकाऱ्याची ‘शर्करा’ मात्र संस्कृतच आहे. शर्करा या शब्दाचा मूळ अर्थ खडे, रेती, बारीक दगडगोटे असा आहे. दाणेदार साखर हाताला तशी लागते, म्हणून तिला ते नाव पडले. चीनमधून जपानमध्ये गेलेला ‘सातो’ हा साखरेचा शब्दही ‘वाळूची साखर’ अशा चित्रलिपीने लिहितात, आणि पहिल्या उत्तरातला मलाय ‘गुला पासिर’ही वाळूचाच. तीन दूरच्या भाषांना साखर पाहून रेतीच आठवली. आपल्याकडे गुळाच्या मोठ्या ढेपेला ‘रवा’ म्हणतात आणि लाडवाच्या बारीक कणालाही ‘रवा’च म्हणतात, हेही या ओघात नोंदवून ठेवतो, एकच शब्द एवढ्या मोठ्या आणि एवढ्या लहान वस्तूला चालतो, हे बाहेरगावच्या माणसाला सांगूनही पटत नाही.

मराठीत शर्करेची साखर झाली आणि तिने पांढरा, दाणेदार पदार्थ धरला. कन्नड ‘सक्करे’नेही तेच केले. केरळात मात्र हा शब्द गुळावर जाऊन बसला, ‘शर्करा’ या रूपात आणि ‘चक्करा’ या घरगुती रूपातही. सिंहलीतला ‘हकुरु’ हा शब्दही शर्करेचाच वंशज, आणि त्याचाही अर्थ गूळ. याचे कारण मलायसारखेच असावे, असे मला वाटते : ज्या किनाऱ्यावर माडाचा गूळ हाच रोजचा गोड पदार्थ होता, तेथे बाहेरून आलेले भारदस्त नाव त्यालाच मिळाले. मग पांढरी साखर आली, तेव्हा सिंहलीने तिच्यासाठी ‘सीनी’ हा शब्द घेतला. हा सीनी म्हणजे हिंदी-बंगालीतली ‘चीनी’, चीन देशाच्या नावावरून पडलेली. यात इतिहासाचा एक उलटा फेरा दडलेला आहे. इसवी सन ६४७ च्या सुमारास तांग वंशाच्या ताइझोंग सम्राटाने मगधात माणसे पाठवून उसाचा रस आटवण्याची पद्धत शिकून घेतली, अशी नोंद चीनच्या राजदरबारी इतिहासात आहे. ज्यांनी साखर करायला आपल्याकडून शिकले, त्यांच्याच नावाने पुढे उत्तर भारताने साखर ओळखली. खडीसाखरेला हिंदीत ‘मिस्री’ म्हणतात, ते मिस्र म्हणजे इजिप्त या देशावरून. मराठीने चीनचेही नाव घेतले नाही आणि इजिप्तचेही नाही, साखर आणि खडीसाखर हेच शब्द धरून ठेवले, याचे समाधान वाटते.

पोर्तुगीज जहाजे केरळच्या किनाऱ्याला लागली, तेव्हा त्यांनी तेथला ‘चक्करा’ उचलला आणि त्याचा ‘जागरा’ केला. त्यावरून इंग्रजी ‘जॅगरी’ आला. कोल्हापुरी गुळाच्या परदेशी जाणाऱ्या पाकिटावर ‘जॅगरी’ छापलेले असते, तेव्हा तो शब्द गुळाचा नसून शर्करेचा असतो, आणि साखरेचे नाव गुळाच्या अंगावर चढवण्याचे हे काम केरळाने केलेले असते. फिलिपिन्समध्ये साखरेला ‘आसुकाल’ म्हणतात, ती तर शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर, स्पॅनिश आसुकार अशी पृथ्वीला वळसा घालून आशियात परतली आहे. ब्रह्मदेशात ती पालीच्या मार्गाने ‘थाज्या’ झाली आणि कंबोडियात ‘स्कर’. थायलंडने मात्र या सगळ्यांना टाळले. तेथे साखरेला ‘नामतान’ म्हणतात. नाम म्हणजे पाणी आणि तान म्हणजे ताड. ताडाचे पाणी, म्हणजे आपली नीरा, हेच साखरेचे नाव. तो ‘तान’ही संस्कृत ‘ताल’वरूनच गेला आहे, ज्याला आपण ताड म्हणतो. थाई माणूस तपकिरी रंगाला ‘सी नामतान’ म्हणजे साखरेचा रंग म्हणतो. साखर म्हणजे पांढरी, हे आपण गृहीत धरतो. त्यांच्या भाषेने ताडगुळाचा रंग अजून सोडलेला नाही.

काकवी या शब्दाविषयी आपण विचारलेले नाही, पण आपण गडहिंग्लजचे असल्यामुळे लिहितो. कन्नडमध्ये काकवीच्या जातीच्या पातळ पाकाला ‘काकंबी’ म्हणतात. आपल्या भागात गुऱ्हाळावर दोन्ही भाषांची माणसे एकाच काहिलीभोवती राबत आली आहेत, आणि हा शब्द दोघांत वाटून घेतलेला आहे. ‘गूळ’ आणि ‘बेल्ल’ यांनी मात्र आपापली जागा सोडलेली नाही.

पुढच्या वेळी केरळच्या सहकाऱ्याकडून पांढरी साखर हवी असेल, तर ‘पंचसारा’ मागावी. मल्याळममध्ये तिला तेच नाव आहे. गूळ हवा असेल, तर आपण आधी मागितली होती, तीच ‘शर्करा’ पुन्हा मागावी.